आतली पट्टी

हॉस्पिटलच्या तळघरात बावीस वर्षं काम करणाऱ्या या माणसाचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. बाकी सगळे त्याला भागूबाई म्हणायचे. आधी ‘भित्री भागूबाई’ म्हणायचे, मग एवढं लांबलचक म्हणायचा कंटाळा आला म्हणून पहिला शब्द गळाला आणि दुसरा कायमचा चिकटला. त्याला याचा राग यायचा नाही. राग यायलाही थोडी हिंमत लागते.

घराला कुलूप लावलं की तो ते तीनदा ओढून बघायचा, जिना उतरायचा आणि परत वर येऊन चौथ्यांदा ओढायचा. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. चर्चमध्ये बसायचं ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, म्हणजे छप्पर पडलंच तर आधी बाहेर निघता येईल. पाळकसाहेब एकदा हसून म्हणाले, “अहो, देवाच्या घराचं छप्पर आहे हे.” त्याने वर बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाला, “हो, पण बांधलंय माणसांनीच.”

त्याची प्रार्थना म्हणजे देवाला दिलेल्या सूचना असायच्या. मुलीची बस, बायकोचा गुडघा, गॅसची नळी, समोरच्या बिल्डिंगची सैल झालेली खिडकी, सगळं क्रमाने. देवाचं लक्ष आहे यावर त्याचा विश्वास होता, पण आठवण करून दिलेली बरी.

त्या तळघरातल्या खोलीत मात्र त्याची ही भीती कामाला यायची. ऑपरेशनची हत्यारं तिथे तयार व्हायची. कात्र्या, चिमटे, पकडी धुवायच्या, प्रत्येकीचा सांधा उघडून बघायचा, ठरलेल्या क्रमाने ट्रेमध्ये मांडायच्या, मधोमध एक कागदी पट्टी ठेवायची, दुहेरी हिरव्या कापडात सगळं गुंडाळायचं, वरून चिकटपट्टी लावायची आणि ट्रे वाफेच्या मशीनमध्ये सरकवायचा. ट्रे बाहेर आला की चिकटपट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या झालेल्या असतात. त्यावरून एवढंच कळतं की ट्रे तापला. वाफ आतपर्यंत पोहोचली की नाही हे सांगते ती आतली पट्टी, आणि ती दिसते थेट ऑपरेशनच्या टेबलाशी, सिस्टरने कापड उलगडल्यावर. मधेच कुणी उघडून बघितलं तर ट्रे वाया गेला, सगळं पहिल्यापासून करायचं. नवीन माणूस कामाला लागला की भागूबाई त्याला पहिला धडा हाच द्यायचा, “गुंडाळलेलं उघडायचं नाही. कितीही शंका आली तरी नाही.”

त्याच्या समोरच्या टेबलावर एक बाई काम करायची. तिचे हात, पाय आणि तोंड एकाच वेगाने चालायचे म्हणून तिला सगळे आगगाडी म्हणायचे. चिकटपट्ट्यांवर प्रत्येकाने आपली खूण करायची असते. भागूबाई बरोबरची खूण करायचा, ही एक डबा काढून त्याला खाली दोन चाकं जोडायची. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ती दोनदा आतली पट्टी ठेवायला विसरली होती. दोन्ही वेळा थिएटरमधून ट्रे परत आला, हेड सिस्टरने तिला झापलं, ती “चुकलं” म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. त्यानंतर अकरा वर्षांत ती एकदाही विसरली नाही. भागूबाईही त्या दोन वेळा विसरला नाही. ती चहाला गेली की तिचे मशीनमध्ये जायचे राहिलेले ट्रे हा हळूच सोडायचा, आत बघायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. रोज हेच. कुणाला याचा पत्ता नाही अशी त्याची समजूत होती.

चौपन्नाव्या वर्षी त्याच्या आतड्यात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, “अजून पसरलेली नाही. आत्ता काढली तर सुटलात. थांबलात तर पुढचं मी सांगू शकत नाही.”

लोकांना ऑपरेशनची भीती वाटते ती आत काय होतं ते माहीत नसतं म्हणून. याला सगळं माहीत होतं. कुठली पकड कुठे लागते, कुठल्या कात्रीचा सांधा कुरकुरतो, टेबलावर कुठून कुठे हात जातात, सगळं तोंडपाठ. डोळे मिटले की तो ट्रे डोळ्यांसमोर यायचा. त्या खोलीत पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ट्रेला ‘मोठं पोट’ म्हणायचे. बावीस वर्षांत याने किती मोठी पोटं गुंडाळली असतील त्याला गणतीच नव्हती. आता ते पोट त्याचं स्वतःचं होतं.

पहिली तारीख आली तेव्हा त्याने खोकला झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या तारखेला सहा वर्षांपूर्वी वारलेल्या मामाला पुन्हा एकदा मारलं. हॉस्पिटलमधून घरी फोन गेला आणि बायकोने तो उचलला, तेव्हा कुठे तिला कळलं. ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. ती नुसती समोर येऊन बसली.

“अहो, रोज एवढ्या प्रार्थना करता, आणि विश्वास ठेवायची वेळ आली की मामाला मारता?”

“मला भीती वाटते गं. खरा विश्वास असता तर वाटली नसती.”

“कुणी सांगितलं? क्रुसावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत प्रभूलाही घाम फुटला होता. नको हे, असं बापाला सांगितलं त्याने. पण उठून पळाला नाही.” मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “घाबरा हो तुम्ही. खुशाल घाबरा. पण चला.”

तिसरी तारीख ठरली. सर्जन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाहेरगावी जाणार होते. ही चुकली तर महिना गेला, आणि महिन्यात गाठ कुठवर जाईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

ऑपरेशन साडेअकराला होतं. सकाळी साडेनऊ वाजता बायको मुलीला आणायला फाटकापर्यंत गेली. वॉर्डमध्ये तो एकटा उरला. शेजारच्या कॉटवरचा माणूस घोरत होता. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. त्याने आपली प्रार्थनेची यादी म्हणायला घेतली, पण तिसऱ्या ओळीशीच यादी तुटली. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ट्रे आगगाडीने बांधलाय. तिने आत पट्टी ठेवली असेल ना?

पाठीमागे नाड्या बांधलेला गाऊन, पायात हॉस्पिटलच्या सपाता, अशा अवतारात तो जिन्याने पाच मजले उतरला. पुढे ही गोष्ट सांगताना तो म्हणायचा की ट्रे बघायला चाललोय की पळून चाललोय, हे त्या जिन्यात त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

खोलीत कुणी नव्हतं. आगगाडी चहाला गेली होती. फळीवर एकच मोठं पोट होतं, दुसरं पकडीच्या दुरुस्तीसाठी गेलेलं. हिरवं कापड नीट बांधलेलं, रेघा काळ्याभोर, त्यावर डबा आणि दोन चाकं. त्याने कापडावर हात ठेवला. अजून किंचित कोमट होतं. त्याला वाटलं, एकदाच. नुसतं टोक उचलायचं. बावीस वर्षं दुसऱ्यांना जे करू नका म्हणून बजावलं, ते त्याच्या हातांनी त्याला न विचारता करून टाकलं. चिकटपट्टी सुटली, कापडाची घडी उलगडली, बोटांनी चिमटे बाजूला सारले.

आतली पट्टी होती. काळी, अगदी एकसारखी काळी. हत्यारं त्याच्या स्वतःच्या पद्धतीने मांडलेली होती, लांब पकडी डावीकडे, कात्र्या टोकाशी. त्याने सुटकेचा श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

ट्रे वाया गेला होता. त्याचाच ट्रे, त्याच्याच हाताने.

त्याने चिकटपट्टी जागेवर दाबून बघितली. बसत होती. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मग त्याला स्वतःची बोटं दिसली, आताच जिन्याचा कठडा धरून आलेली, आणि त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यापाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो फार गोड होता. खरं सांगायचं. ट्रे खराब झाला म्हणायचं. ऑपरेशन रद्द होईल, सर्जन जातील, महिनाभर घरी. खोटं बोलायला नको, मामालाही मारायला नको. त्याला बरं वाटलं. तेच भयंकर होतं. ट्रे उघडताना जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी आता स्वतःच्या या हायसं वाटण्याची वाटली. मरायला निघालोय आणि खूश होतोय, हे त्याला लख्ख दिसलं.

तो फळीला धरून उभा राहिला. यादी आठवेना. तोंडातून एवढंच निघालं, “प्रभू, मी पळतोय. धर मला.”

दारात पावलं वाजली. आगगाडीने आधी त्याच्या गाऊनकडे बघितलं, मग उघड्या ट्रेकडे.

“दादा, हे काय केलंत?”

“उघडला मी. पट्टी आहे का बघायचं होतं.” आता सुरुवात झालीच होती तर पुढचंही आलं. “आणि ताई, आजच नाही. तुम्ही चहाला गेलात की मी तुमचे ट्रे रोज सोडून बघायचो.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे? कधीपासून?”

“पहिल्यापासून. तुम्ही टोक डावीकडे दुमडता, मी उजवीकडे. चहा पिऊन आले की माझे सगळे ट्रे डावखुरे झालेले असायचे.” ती ट्रे उचलून मोरीकडे निघालीसुद्धा होती. “पहिल्यांदा फार राग आला. मग म्हटलं, बघू दे. बघितल्याशिवाय या माणसाला घास गिळत नाही. बरं, आता धुणं, मांडणं, मशीन, निवणं. दोन तास लागतील. मशीन रिकामं आहे. पण आत्ताच्या आत्ता लागायला हवं.”

“हेड सिस्टरला कळवायला हवं,” तो म्हणाला.

“मी कळवते.”

“नको. मी.”

फोन भिंतीवर होता. नंबर फिरवताना त्याचं बोट दोनदा चुकलं. हेड सिस्टरने सगळं ऐकून घेतलं आणि मग जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “अर्धा तास उशीर होईल म्हणजे. सर्जनना मला आत्ता सांगायचंय. काय सांगू? करायचंय, की यावेळीही रद्द?”

पळायला दार सताड उघडं होतं. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द त्याच्या जिभेवर होता. मोरीशी नळाखाली पकडी खणखणत होत्या. फोनची वायर मुठीत आवळून तो म्हणाला, “करायचंय.” आवाज एवढा बारीक आला की हेड सिस्टरने “काय?” म्हणून विचारलं आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्याहून अवघड गेलं.

आगगाडी धुतलेली हत्यारं कोरड्या कापडावर पसरत होती. त्याच्याकडे न बघताच तिने कागदी पट्ट्यांचा डबा ओढला. “थांबा दादा. मांडते, पट्टी ठेवते, बघून घ्या. एकदा गुंडाळलं की मग बघता येणार नाही.”

याला बसवावं म्हणून तिने स्टूलही पुढे सरकवलं होतं. दहा मिनिटं थांबलं असतं तर सगळं डोळ्यांनी बघता आलं असतं. त्याने तिच्या हातांकडे बघितलं. अकरा वर्षं त्याने ते हात कधी नीट बघितलेच नव्हते, फक्त त्यांच्या चुका शोधल्या होत्या. वर कुणाच्या तरी हातात त्याला स्वतःला द्यायचं होतं, भूल चढल्यावर काहीच बघता येणार नव्हतं. इथे जमलं नाही तर तिथे काय जमणार?

“नाही थांबत,” तो म्हणाला. “तुम्ही बांधा.”

पाच मजले चढताना तो तीनदा थांबला. दम लागला म्हणून एकदा, परत फिरावंसं वाटलं म्हणून दोनदा. वर बायको आणि मुलगी त्याला शोधत होत्या. त्याने दोघींना सगळं सांगितलं. मुलगी रडता रडता हसली. बायकोने त्याचे बर्फासारखे गार हात आपल्या हातांत धरले आणि स्ट्रेचर येईपर्यंत सोडले नाहीत.

बारा वाजता त्याला थिएटरमध्ये नेलं. दिवे, थंडी, तोंडं झाकलेली माणसं. त्याचे दात वाजत होते आणि ते थांबवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. बाजूच्या टेबलावर हिरवं गाठोडं आलं. टोक उजवीकडे दुमडलेलं. चिकटपट्टीवरच्या रेघा काळ्या, त्यांच्यावर डबा आणि दोन चाकं. आज त्या डब्याला एक खिडकीही होती, आणि खिडकीत एक गोल तोंड, डोळे भीतीने वटारलेले, पण बसलेलं. गाडीत बसलेलं.

सिस्टर त्याला ओळखत होती. तिने कापड उलगडलं, आतली पट्टी उचलली आणि म्हणाली, “भागूबाई, दाखवू का?”

मान अर्धी वर आली होती. त्याने ती परत खाली टेकवली.

“तुम्ही बघितलीत ना?”

“बघितली.”

“मग झालं,” तो म्हणाला, आणि डोळे मिटले. यादी नव्हती. “प्रभू, मी घाबरलोय. पण आलोय.”