टॉवेलाखालची वाटणी

माझ्या वडिलांनी मरताना कागद केला नाही. "पोरं शहाणी हायती, घेतील वाटून," असं ते म्हणायचे. पोरं दोन होती. त्यातला शहाणा एकच होता आणि तो मी नव्हतो. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या भावानं वाटणी केली. विहिरीकडचं रान त्याला, माळाकडचं मुरमाड मला. का, तर मी धाकटा, माझी कंबर मजबूत. हे तो अजूनही लग्नकार्यात चार पाहुण्यांत सांगतो आणि हसतो. मला हसू येत नाही.

जमिनीचं एक वेळ सोडा. त्या वाटणीत आम्ही आईसुद्धा वाटली. सहा महिने त्याच्याकडं, सहा महिने माझ्याकडं. मी तोवर दौंडच्या बाजूला येऊन बैलांच्या बाजारात दलाली करत होतो. आई गाठोडं घेऊन न्हावरा, चौफुला करत एसटीनं यायची आणि पाळी संपली की तशीच जायची. एकदा ती थोडी लवकर परत गेली, तर भावानं दारातच विचारलं, "आलीस व्हय? आजून पाळी कुठं सुरू झालीया?" आईनं ते मला हसत सांगितलं. मी ते हसत ऐकलेलं नाही.

पुढं बैल गेले, मी जुने ट्रॅक्टर घ्यायला-विकायला लागलो. त्यातून शेत घेतलं, घर बांधलं आणि कुरकुंभच्या अलीकडं हायवेला दुकानाचे गाळे काढले. सगळं माझ्या जिभेवर कमावलेलं. साठी ओलांडली तसं मी ठरवलं की मृत्युपत्र करायचं. माझ्यामागं माझी बायको कुणाच्या पाळीत यायला नको.

एका रविवारी मुलगा, माहेरी आलेली मुलगी आणि बायको, तिघांना ओसरीवर बसवलं आणि सरळ विचारलं, "घर, शेत आन् गाळे. कुणाला काय पायजे, बोला."

मुलगा म्हणाला, "मला काय नको, आबा. तुमचा आशीर्वाद बास."

"आशीर्वाद तारण ठिवून कुठली बँक कर्ज देती, सांग बरं!"

मुलगी म्हणाली, "मला भाऊ हाय, त्यात सगळं आलं."

बायको शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय करायचंय? आज हाय, उद्या न्हाई."

माझं टाळकं फिरलं. घरात तीन-तीन संत आणि मला इतकी वर्षं पत्ताच नाही! मी शेंगांचं सूप उचलून बाजूला आदळलं. "खोटं बोलताय समदी!"

"शेंगा सांडल्या," बायको म्हणाली.

पण मला बाजार आठवला. "छ्या, हा बैल मला नकोच," असं जो मोठ्यानं म्हणतो, तोच संध्याकाळी त्या बैलाचा कासरा धरून घरी जातो. म्हणून तर बैलाचा भाव तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरायची. बोटं धरली तेवढा आकडा. तोंडानं काहीही बोला, हात खरं सांगतो, आणि शेजारच्याला कळत नाही, म्हणून कुणाची लाजही जात नाही.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला. "एक बोट म्हंजी शेत, दोन म्हंजी गाळे, तीन म्हंजी घर. एकेकानं यायचं. तोंड बंद."

"आबा, आम्ही काय बैल हाय का?" मुलगी हसायला लागली.

"बैल बरा. त्यो खोटं तरी बोलत न्हाई. ये."

आधी मुलगा आला. चेहरा देवळात बसल्यासारखा, आणि टॉवेलाखाली माझी दोन बोटं अशी धरली की माझी अंगठी रुतली. गाळे. मग मुलगी आली. मला वाटत होतं, ही गाळ्याकडंच हात घालणार. तिनं एकच बोट धरलं. शेत. आणि सोडलं नाही. लहानपणी त्याच शेतात ती माझ्यामागं बांधावरून पळायची, हे मला तेव्हा आठवलं. पण सौद्यात दलालानं बोलायचं नसतं.

बायकोचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. घर तिला. तिच्या डोक्यावरचं छप्पर कुणी हलवू नये. तिनं पदराला हात पुसला, टॉवेलाखाली घातला आणि माझी दोन बोटं धरली.

मला वाटलं, चुकली. मी तिसरं बोट पुढं केलं. तिनं ते दाबून खाली वळवलं. मी परत पुढं केलं. तिनं परत वळवलं. उभ्या बाजारात मला कुणी असं अडवलं नव्हतं.

"आगं, घर घे की!" मी ओरडलोच. सौद्यात तोंड उघडलं ते मीच.

"घर नको," ती म्हणाली. "घर माझं केलं तरी समदी राहणार त्यातच. म्हणतील, तुमचंच हाय, बसा निवांत कोपऱ्यात. गाळ्याचं भाडं माझ्या हातात आलं, तर चहा टाकताना मला इचारतील, साखर किती."

मुलगा चपापला. "आये, गाळे मी..."

"तुला काय नको हुतं ना? आशीर्वाद बास हुता."

मुलगी पोट धरून हसत होती. मी मात्र पेटलो होतो. "माझ्या आईसारखं तुझं हाल हुऊ नये म्हणून छप्पर देतोय मी तुला! त्या माझ्या भावानं तिला..."

"आत्याबाईंला छप्परं दोन हुती," बायको शांतपणे म्हणाली. "भाऊजींचं एक आन् तुमचं एक. हातात काय न्हवतं त्यांच्या. तिकिटाचं पैसं पण मागावं लागायचं."

भावाची चूक होती ती होतीच, हे मी आजही सोडलेलं नाही. पण सौदा ती जिंकली होती. शेत मुलीला, घर मुलाला, त्यात आईला मरेपर्यंत राहायचा हक्क, आणि गाळे पूर्ण बायकोच्या मालकीचे. तिच्यामागं गाळ्यांचं काय, ते ती ठरवणार. हे ऐकल्यावर मुलानं उठून आईला पाणी आणून दिलं, न मागता.

वकिलानं मसुदा केला. फी मी अर्ध्यावर आणली, हे सांगायला नकोच. त्यानं एका ओळीत घातलं होतं, "भाडे मुलाने वसूल करून आईस द्यावे." म्हणे, सगळे असंच लिहितात. मी असा ओरडलो की बाहेरची माणसं आत डोकावली. ती ओळ काढली. मग डॉक्टरांचा दाखला हवा होता, की माझं मन स्थिर आहे. डॉक्टरांनी पाच मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे सांगितले, की मी तिथंही तापलो.

"आबा, रागावलेल्या माणसाचं मन स्थिर आहे असं मी कसं लिहू?"

"मी तीस वर्षं असाच हाय! याच्याहून स्थिर काय असतंय?"

ते हसले आणि सही केली. पैसे कमी केले नाहीत. नोंदणीला साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे नेले, कारण ज्याला काही मिळणार त्यानं साक्ष द्यायची नसते. अंगठे झाले, कॅमेऱ्यात फोटो झाला.

घरी येताना बायको म्हणाली, "एक इचारू? ह्ये समदं तुम्ही गेल्यावर व्हय?"

"मग? मृत्युपत्र हाय ते."

"तुमची तब्येत तर चांगली हाय. मी कुठवर थांबू? ह्या महिन्यापासून भाडं मीच घेते."

मी बरंच बोललो. तिनं बरंच ऐकलं. आणि पहिल्या तारखेला स्वतः रिक्षानं गाळ्यांवर गेली.

परवा वडापाववाला भाडेकरू घरी आला. मी दर महिन्याला त्याला थोडी ढील द्यायचो. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि हळूच म्हणाला, "आबा, मावशींना जरा सांगा की. एक दिवस पण मागंपुढं चालंना त्यांना."

"आत हायती," मी म्हणालो. "त्यांच्याशीच बोला. आन् जरा हळू बोला, मला दुपारचा चहा मिळायचाय आजून."