कासारेंची चिकटपट्टी

ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत, एक इस्त्रीवाला आणि एक बंद पडलेला झेरॉक्सवाला यांच्यामध्ये गुणाजी कासारेंचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. आत कासारे बसले की गिऱ्हाइकाने बाहेरच्या स्टुलावर टेकायचं, एवढीच जागा. बोर्डावर 'प्रिंटरच्या कार्ट्रिज भरून मिळतील' असं लिहिलंय आणि तो बोर्ड अजून टिकलाय, याचंच येणाऱ्याजाणाऱ्याला नवल वाटतं. हल्ली लोक टाकीचे प्रिंटर घेतात. बाटली उघडायची, टाकीच्या तोंडावर उलटी धरायची, शाई आपोआप उतरते, थेंबभर सांडत नाही. त्या बाटलीचं तोंड कासारेंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाच मिनिटं ते हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "साल्यांनी मस्त बनवलंय." आपल्या पोटावर पाय देणाऱ्या वस्तूचं असं तोंडभरून कौतुक करणारा हा माणूस.

कौतुक करण्याचा त्यांना अधिकार होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या प्रिंटरात बसतील अशा स्वस्त कार्ट्रिज तिथे बनायच्या, आणि कासारे त्यांच्या साच्यांवर होते. साहेब लोक कागदावर काढायचे, पण ते प्लास्टिकमध्ये उतरतंय की नाही हे कासारेच सांगायचे. कार्ट्रिज म्हणजे शाईची डबी, एवढंच लोकांना ठाऊक. कासारेंना तिची नस न् नस ठाऊक होती. खाली रबरी तोंड, ते प्रिंटरमधल्या सुईवर बसणार. कडेला तांब्याचे ठिपके, त्यांच्यावरून प्रिंटरला कळणार की डबी आली. प्रत्येक रंगाच्या डबीला वेगळ्या जागी खाच, म्हणजे निळीच्या घरात पिवळी घुसायला नको. आणि वर, लेबलाच्या खाली, केसाएवढा नागमोडी चर. हवेचा.

हा चर म्हणजे कासारेंचा जीव की प्राण. खालून जेवढी शाई जाते तेवढी हवा वरून आत यावी लागते. नाही आली, तर डबी काठोकाठ भरलेली असूनही प्रिंटर कोरडा. चर आखूड ठेवला तर शाई वर चढून सांडते, फार लांब ठेवला तर हवा गुदमरते. या चराच्या चार वळणांसाठी ते एका इंजिनीअर साहेबाशी तीन दिवस भांडले होते आणि शेवटी साहेबाने हात टेकले होते. पुढे कंपनी बंद पडली. साचे भंगारात गेले. कासारे कोपरीत येऊन बसले.

ते एकटे होते, आणि हे आडवळणाने सांगण्यात काही अर्थ नाही. बायको विमलाबाई सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी ऐश्वर्या लग्न होऊन नागपूरला. रविवारी तिचा फोन येई. "पप्पा, जेवलात?" "जेवलो." की झालं, फोन संपला. विठ्ठलवाडीच्या खोलीवर ते रात्री पेपर मोठ्याने वाचत, आवाज असावा म्हणून. महिन्याचं सामान एकदम भरायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आज साखर, उद्या काडेपेटी, परवा मीठ, असं एकेक आणायचे. वाण्याशी रोज चार शब्द होत.

अशात शालनताई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या, आणि बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. घरी ब्लाऊज शिवायचा क्लास घ्यायच्या. कागदावर रेघा मारून मारून मनगट दुखायला लागलं, तेव्हा त्यांच्या मुलाने, मितेशने, नमुने कॉम्प्युटरवर काढून दिले आणि आपला जुना प्रिंटरही देऊन टाकला; त्यातल्या कार्ट्रिज कासारेंच्याच कंपनीच्या निघाल्या. चौतीस मापाची रेघ लाल, छत्तीसची निळी, अडतीसची काळी. पानं छापायची, चिकटवायची, कापडावर ठेवायची आणि आपापल्या रेघेवरून कापायचं. मंगळवारी क्लासला सुट्टी असे. म्हणून शाई भरायला त्या मंगळवारीच यायच्या, दोन-अडीच महिन्यांनी एकदा.

भरलेली कार्ट्रिज वीस मिनिटं तशीच ठेवावी लागते, आतल्या स्पंजात शाई मुरायला. ती वीस मिनिटं शालनताई स्टुलावर बसत. कासारे थर्मासातला चहा ओतत. ताई सुनेबद्दल, प्रीतीबद्दल बोलत, कटोरी ब्लाऊजबद्दल बोलत, शीळफाट्याला दोन तास अडकलेल्या वरातीबद्दल बोलत. कासारे आपल्या चराबद्दल बोलत, आणि ताई ते ऐकत. ऐकत म्हणजे खरंच ऐकत, मधेच प्रश्न विचारत. सव्वीस वर्षांत विमलाबाईंनीसुद्धा त्या चराबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

पहिल्यांदा जे झालं ती चूकच होती. शाई भरताना हवेच्या चरावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, म्हणजे शाई वर येत नाही, आणि भरून झाल्यावर तो ओढून काढायचा, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी ताई नणंदेच्या लग्नातला किस्सा सांगत होत्या: ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच कशा लागल्या, आणि नणंद तशीच कशी बोहल्यावर चढली. कासारे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि पट्टी काढायची राहिली. पाचव्या दिवशी ताई परत हजर.

"भाऊ, बघा ना, वीस पानं नीट आली आणि मग निळा गायब."

कासारेंनी लेबल उचललं, पट्टी पाहिली आणि जीभ चावली. "बसा ताई, करून देतो." सांगायला ते तोंड उघडणारच होते. पण ताई बसल्याही होत्या, त्यांनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढला होता, आणि त्या दिवशी वीस मिनिटांचा दीड तास झाला.

दुसऱ्यांदा पट्टी राहिली ती राहिली नव्हती. ठेवली होती. सुईने तिला बारीक भोक पाडून ठेवली होती, म्हणजे चाळीसेक पानं निघतील आणि मग रंग फिका पडेल. ज्या हातांनी हवेचा रस्ता आखला त्याच हातांनी बुजवला. याला लबाडी म्हणतात, दुसरा शब्द नाही. कासारेंनाही तो शब्द ठाऊक होता. पण ताई आता पंधरा-पंधरा दिवसांनी यायला लागल्या, आणि सोमवारी संध्याकाळी कासारे शर्टाला इस्त्री करून घ्यायला लागले. या मधल्या फेऱ्यांचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. तेवढ्याने मनाला बरं वाटायचं, असं माणसाचं मन.

जानेवारीत ताईंना कल्याणच्या एका महिला मंडळाने बोलावलं. पहिल्यांदाच घराबाहेर क्लास, तीस बायका. त्यांनी हे कासारेंना सांगितलं तेव्हा ताईंचा चेहरा फुलला होता. त्या दिवशी त्या निळी कार्ट्रिज भरून घेऊन गेल्या. पट्टी आत होतीच. कासारेंच्या मनात एकदा आलं, या वेळी काढून टाकावी. मग आलं, चाळीस पानं तर निघतात.

पुढच्या मंगळवारी ताई आल्या त्या हातात मोठी पिशवी घेऊन. पिशवीत अख्खा प्रिंटर होता. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि स्टुलावर बसल्या.

"हे ठेवून घ्या भाऊ. तुम्हाला पार्टला होईल."

"का? काय झालं?"

"मी क्लास बंद करतेय." चष्मा काढून त्या पदराने पुसायला लागल्या. "कल्याणला छापून नेलेल्या पानांत, वरची थोडी सोडली तर, निळी रेघ उमटलीच नव्हती. मी घाईत खालची बघितलीच नाहीत. छत्तीसवाल्या अकरा जणी. त्यांना निळी दिसलीच नाही, जवळची लाल दिसली, त्यांनी तिच्यावरून कापलं. घरून चांगली कापडं आणलेली हो, कुणी मुलीच्या साखरपुड्याचं आणलेलं. सगळी तोकडी झाली."

कासारेंनी थर्मासाचं झाकण फिरवून उघडलं.

"मितेश बोलला, मम्मी, तुझ्या हाताला मशीन लागत नाही, तू सोडून दे. खरंच आहे ना. तुम्ही एवढं चोख भरून देता, मी डोळ्यांत तेल घालून लावते, तरी दर पंधरा दिवसांनी तेच. म्हणजे खोट माझ्याच हातात असणार." आणि मग जरा हसून म्हणाल्या, "पण मंगळवारी मी येणार हां. शाई नाही तर नाही. घरी तरी कोण आहे बोलायला? मितेश आणि प्रीती आठला येतात, आले की मोबाइलात तोंड घालून बसतात. इथे कसं, बरं वाटतं."

ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला ते असं आयतं समोर येऊन बसलं होतं. पट्टीशिवाय, शाईशिवाय, दर मंगळवारी. कासारेंनी नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात ते पटाईत होते, सहा वर्षांचा सराव होता. त्यांनी चहा ओतला, थोडा काउंटरवर सांडला. ताई आपल्या हातांकडे बघत होत्या, तळवे उलटसुलट करून, हातांतच काहीतरी बिघडलंय अशा. चाळीस वर्षं कात्री धरलेले ते हात. ते कासारेंना बघवेना.

त्यांनी प्रिंटरचं झाकण उघडलं, निळी कार्ट्रिज काढली, नखाने लेबल उचललं आणि पट्टी ओढून काउंटरवर ठेवली.

"ही मी लावतो, ताई. हवा जाऊ नये म्हणून. मशीन चांगलं आहे. तुमचे हातपण चांगले आहेत."

ताईंना कळायला वेळ लागला. पण चर काय असतो ते त्यांना कासारेंनीच शिकवलं होतं, त्यामुळे फार वेळ लागला नाही.

"किती वेळा?"

"पाच. पहिल्यांदा खरंच विसरलो होतो. नंतर चार वेळा मुद्दाम."

"कशाला पण?"

"तुम्ही याल म्हणून."

इस्त्रीवाल्याच्या रेडिओवर कसल्यातरी तेलाची जाहिरात चालली होती.

"अकरा जणींच्या घरी जाऊन मी माफी मागितली, कासारे," ताई म्हणाल्या. भाऊ म्हणाल्या नाहीत. "एकेकीच्या दारात उभी राहिले."

"क्लास बंद करू नका," कासारे म्हणाले. माफी मागायची होती, तर तोंडातून हे निघालं.

ताईंनी प्रिंटर उचलला, पिशवीत घातला आणि गेल्या. चहा तसाच राहिला.

पुढचा मंगळवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. कासारे थर्मास भरून आणायचे आणि संध्याकाळी इस्त्रीवाल्याला चहा द्यायचे. इस्त्रीवाल्याची बायको ताईंच्या गल्लीत राहायची. तिच्याकडून कळलं की क्लास चालू आहे, कल्याणलाही परत गेल्या, अकरा जणींना नवीन कापड घेऊन दिलं. कासारेंना आनंद झाला. आनंद खरा होता, आणि त्याने एकटेपण तसूभरही कमी झालं नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे त्यांना या वयात कळलं.

चौथ्या मंगळवारी एक तिशीतली बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. हातात निळी कार्ट्रिज.

"जयभीम काका. मी संचिता. शालनताईंच्या क्लासला असते. ताई बोलल्या, कार्ट्रिज कशी भरायची ते तुमच्याकडून शिकून ये. व्हिडिओ काढून आण, म्हणजे आम्ही घरीच भरू. परत परत यायला नको."

"जयभीम. बसा ना," कासारे म्हणाले.

"नको, उभीच बरी. मला मुलाला आणायचंय शाळेतून." तिने फोन काढला आणि काउंटरवर वाकून धरला. "काका, फक्त हात येऊ देत. आणि ताई बोलल्या, बोलू नका काही, नुसतं करून दाखवा. त्यांना बघून कळतं."

कासारेंनी मान हलवली. सिरिंज घेतली, तीत निळी शाई ओढली, बुडबुडा काढला. लेबल उचललं. चार वळणांचा तो चर त्यांनी फोनसमोर तिरका धरला, नीट उजेडात. पट्टीचा तुकडा कापला, चरावर लावला. थेंब थेंब शाई भरली, घाई न करता. सांगण्यासारखं खूप होतं. सुई किती आत जावी, स्पंज फाटू नये म्हणून कुठे थांबावं. तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. रबरी तोंड पुसलं, तांब्याचे ठिपके पुसले.

मग नखाने पट्टी उचलली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. निघालेला तुकडा बोटाच्या टोकावर घेऊन त्यांनी फोनच्या अगदी जवळ धरला. धरूनच राहिले.

"दिसलं, काका," संचिता म्हणाली. "ठेवा आता." आणि तिने फोन बंद केला.