भोपळ्याचा पहिला वार

डोंबिवलीच्या आमच्या बालवाडीत शिकवते मी, पण मुलं ऐकतात मावशींचं. त्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, काम झाडलोटीचं. मुलांशी बोलताना त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. हातातल्या वस्तूशीच बोलतात आणि शेवटी नुसतं विचारतात, "हाय ना गो?" डिप्लोमा करूनही मला ते जमलेलं नाही.

भोपळ्याच्या आठवड्यासाठी मी दोन दिवस खपून केशरी कागदाचे भोपळे कापले, त्यांवर आकडे चिकटवले. मावशींनी परसातला खराखुरा भोपळा आणला आणि सगळी पोरं तिकडे पळाली.

अख्ख्या भोपळ्यावर पहिला वार बाईने करायचा नाही, पुरुषाने करायचा, ही आमच्याकडची रीत. वॉचमन चहाला गेलेला. मी म्हटलं, "थांबू या, मावशी."

"रीत मोठ्या बायांना, बाई. पोरींना कसली?" म्हणत त्यांनी ईराला जवळ घेतलं. ही मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. मी सगळे उपाय करून थकलेले. मावशींनी तिच्या हातात सुरी दिली, वरून आपला हात धरला आणि सुरी भोपळ्यावर टेकवली. "भोपल्या, घाबरू नको. हाय ना गो?"

"त्याला दुखेल," ईरा म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. मला मावशींचा राग आला.

तो त्यांना दिसला असावा. भोपळा चिरल्यावर त्या म्हणाल्या, "पहिली बी बाईंना दे जा." ईराने ती ओली बी माझ्या तळहातावर ठेवली आणि बरोबर केलं ना, म्हणून मागे वळून मावशींकडे पाहिलं.