अकरा फोनवरचं गाणं

त्याचा बाप धान्याच्या बाजारात माप धरायचा. माप भरलं की वरची रास हाताच्या एका फटकाऱ्यात सपाट करायची. दाणा जास्त नाही, दाणा कमी नाही. त्यावरून घराला नाव पडलं मापारी. पुढे पोरगा शिकला, शहरात नोकरीला लागला, धान्याच्या पोत्याला त्यानं उभ्या जन्मात हात लावला नाही. पण नाव काही सुटलं नाही. आणि खरं पाहिलं तर ते चुकलंही नव्हतं. बाप धान्य मापायचा, हा गाणी मापायचा.

दर शुक्रवारी दुपारी रेडिओवर, आठवड्यात सगळ्यांत जास्त ऐकली गेलेली चाळीस गाणी वाजवत. ती यादी ज्या कचेरीत तयार व्हायची तिथं मापारी तीस वर्षं बसला होता. नवा होता तेव्हा तो दुकानं हिंडायचा, कुठली कॅसेट किती खपली ते विचारून वहीत मांडायचा. मग दुकानं मिटली, गाणी फोनमध्ये शिरली आणि मोजणीला नियम आले. तीस सेकंदांच्या आत बंद केलेलं गाणं ऐकलं असं धरायचं नाही. वर्गणी भरून ऐकणाऱ्यानं एकदा ऐकलं, तर ते फुकट ऐकणाऱ्याच्या सहा वेळांइतकं. एकानं दिवसभर एकच गाणं लावून ठेवलं तरी दहाच्या पुढचं सगळं पाण्यात. आणि गाणं जुनं होऊन उतरणीला लागलं की त्याचं वजन निम्मं करायचं, म्हणजे नव्याला जागा होते. "म्हाताऱ्या गाण्यानं उंबरठ्यात बसू नये," असं मोठे साहेब म्हणायचे. ते स्वतः साठी उलटूनही खुर्ची सोडत नव्हते, पण ते त्यांना कोण सांगणार.

यातले अर्धे नियम जगाला ठाऊक होते, अर्धे फक्त कचेरीच्या भिंतींना. चाळणीची भोकं केवढी हे खड्याला कळलं, तर खडा तेवढाच होऊन येतो. म्हणून नोकरीला लागताना प्रत्येकाकडून शपथ घेत, की आतलं बाहेर बोलणार नाही. मापाऱ्यानं ती शपथ अशी पाळली, की उद्या पहिलं गाणं कुठलं येणार हे त्यानं तीस वर्षांत बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती म्हणायची, "यांच्या पोटात विहीर आहे. दगड टाकला तरी आवाज येत नाही."

अशा माणसाची लेक गायला लागली.

तिचा आवाज लहानपणापासून जाडसर, खरखरीत. घरात लाडानं तिला घोगरी म्हणत, शाळेत हसून म्हणत. तेविसाव्या वर्षी त्याच आवाजात तिनं स्वतः रचलेलं एक गाणं लोकांपुढं आणलं, आणि ते वेलीसारखं माणसामाणसाला धरत वर चढू लागलं. तीनशेच्या आसपास होतं, मग एकशे दहावर आलं, मग त्र्याण्णववर. ज्या दिवशी ते शंभराच्या आत आलं, त्याच दिवशी मापाऱ्यानं मोठ्या साहेबांना लिहून दिलं, ही गायिका माझी मुलगी आहे. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून तिच्या गाण्याचे आकडे त्याच्या टेबलावर येईनात, आणि नियम ठरवायची बैठक भरली की त्याला बाहेर बसवत, ठरलेलंही त्याला कळवत नसत. बाहेरच्या लाकडी बाकावर तो बसून राही. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज यायचा, शब्द यायचा नाही. आत काय ठरत असेल, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण नियम म्हणजे काय वाऱ्यावरचं पान आहे, रोज फिरायला, असं म्हणून त्यानं ते झटकून टाकलं.

वाईट वेळ पुष्कळदा चांगल्या बातमीच्या पाठंगुळी बसून येते. एका शुक्रवारी गाणं एक्केचाळिसावर पोचलं. गाणी काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं घोगरीला बोलावून सांगितलं, "पुढच्या शुक्रवारी चाळिसात आलीस, तर तुझी पुढची तीन गाणी आम्ही करू. नाही आलीस, तर लोक तुला विसरतील. आम्हीही विसरू." चाळिसावं गाणं रेडिओ दिवसातून दहादा लावतो, एक्केचाळिसावं लावत नाही. पायरी एकच, पण तिच्याखाली खोल पाणी.

घरात खालच्या मजल्यावर बायकोचा शिवणाचा कारखाना होता, वरती राहायची जागा. कारखान्यात दहा बायका दवाखान्यातले अंगरखे शिवत. मापारी रोज मागच्या जिन्यानं थेट वर जाई. त्या मंगळवारी जिन्याला नवा रंग दिलेला होता, म्हणून तो संध्याकाळी साडेपाचला कारखान्यातून आत आला.

इस्त्रीच्या लांब टेबलावर अकरा फोन ओळीनं उभे केले होते. अकराही उजळलेले. अकरांवर घोगरीचा एकच फोटो, आणि खाली गाणं पुढं सरकतंय हे दाखवणारी बारीक रेघ. पण आवाज फक्त शिवणयंत्रांचा. देवाघरी गेलेल्या माणसाच्या उशाशी दिवे लावावेत तसे ते फोन दिसत होते, आणि हे मनात आल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला.

"या भाऊजी," काजं करणारी बाई म्हणाली. ती सगळ्यांत जुनी, म्हणून तिची जीभही सगळ्यांत मोकळी. "बघा, तुमच्या लेकीसाठी आमचे फोन कामाला जुंपलेत. आम्ही आठ तास राबतो, ते चोवीस तास राबतात."

"आणि पगारवाढ मागत नाहीत," बायको म्हणाली. "शनिवारपासून चालू आहे. एक क्षण खंड नाही."

"आवाज नाही येत," मापारी म्हणाला.

"बंद केलाय. अहो, शनिवारपासून तेच गाणं, कान किटले सगळ्यांचे. गिऱ्हाइकाचं बोलणंसुद्धा ऐकू येईना."

"पोरगी गोड आहे भाऊजी, पण साखरसुद्धा मूठभर खाल्ली की मळमळतं," काजवाली म्हणाली.

"गाणं चालू आहे ना, झालं तर," बायकोनं दोरा दातानं तोडला. "मोजणाऱ्याला काय कळतंय? त्याला थोडेच कान असतात?"

मोजणाऱ्याला कान असतात. हे त्या खोलीत एकट्या मापाऱ्याला ठाऊक होतं. आवाज शून्यावर ठेवून लावलेलं गाणं म्हणजे न ऐकलेलं गाणं. आणि एकाच जागी असे मुके फोन सापडले, तर ते गाणं त्या आठवड्याच्या यादीतून साफ काढायचं. हा नियम भिंतींच्या आतला. तीन वर्षांपूर्वी काही पोरांच्या गाण्यावर त्यानं स्वतःच्या हातानं काट मारली होती. त्या पोरांपैकी एक जण कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला होता. मापारी त्याच्या बाजूनं निघून गेला होता.

मोजणी गुरुवारी संपणार होती. एक वाक्य बोललं तर पुरत होतं: आवाज वाढवा. पण ते वाक्य तीस वर्षांच्या शपथेखाली दबलं होतं.

पावणेसहाला बायका चहाला मागच्या अंगणात गेल्या. यंत्रं थांबली. मापारी टेबलापाशी उभा राहिला. शपथ तोंडानं घेतली होती, हातानं नव्हती, असं त्याच्या मनानं त्याला सुचवलं. माणसाचं मन असल्या वेळी फार हुशार वकील होतं. त्यानं पहिला फोन उचलला, कडेची कळ दाबली, आवाज सातवर आणला. मग दुसरा. मग तिसरा. कुणाचा कमी राहिला, कुणाचा जास्त झाला, असं त्याला खपणारच नव्हतं. बापाचा हात त्याच्या मनगटात होता. अकराव्या फोनपर्यंत सगळे सातवर. दाणा जास्त नाही, दाणा कमी नाही.

गाणी एकाच वेळी सुरू केलेली नव्हती, म्हणून खोलीत अकरा घोगऱ्या गाऊ लागल्या. एक शब्द म्हणे, दुसरी त्याच्या मागून, तिसरी तिच्याही मागून. सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळेना. आपलीच लेक एखाद्या खोल जागेतून हाका मारते आहे आणि नेमकी कुठून ते सापडत नाही, असं त्याला वाटलं. पण त्यानं एकही फोन बंद केला नाही.

बायका परतल्या. "आवाज कुणी वाढवला?" बायकोनं विचारलं.

"मी," तो म्हणाला. "मला ऐकावंसं वाटलं."

लेकीच्या गाण्याबद्दल हा माणूस घरात चकार शब्द काढत नव्हता. बायकोचे डोळे भरून आले. "राहू दे," ती बायकांना म्हणाली. "कुणी हात लावू नका. दोन दिवस किटू देत कान."

बुधवार गेला. गुरुवारी तीन वाजता तपासनीस बाई त्याच्या टेबलापाशी आली. ती त्याच्याच हाताखाली शिकलेली. फोनवर कोण कसं ऐकतं हे धुंडाळायचं काम तिचं. "काका, जरा बाहेर बसू या," ती म्हणाली. दोघं बाकावर बसली. तिच्या हातात एक कागद होता.

"तुमच्या मुलीचं गाणं अडतिसावर आलंय," ती म्हणाली.

मापाऱ्यानं श्वास सोडला.

"पण एका गल्लीत अकरा फोन आहेत. मंगळवारपर्यंत मुके होते."

"मुके असले, तर नियमाप्रमाणे..."

"तो नियम बदलला, काका. दोन महिने झाले. वीस फोनांच्या आत असेल तर गाणं काढायचं नाही, तेवढं ऐकणं फक्त वजा करायचं. आया, मावश्या लावून ठेवतात हो. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. मी वजा करून पाहिलं. तरीही गाणं अडतिसावरच राहत होतं."

मापारी बाकाच्या लाकडाकडं बघत राहिला. नियम बदलला तेव्हा तो इथंच बसला होता, दाराच्या या बाजूला.

"पण मंगळवारी पावणेसहाला अकराच्या अकरा फोनांचा आवाज वाढला," ती पुढं म्हणाली. आता ती त्याच्याकडं बघत नव्हती. "तीन मिनिटांत. आणि सगळे बरोबर सातवर. खरी माणसं अशी ऐकत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. कुणी चारवर ऐकतं, कुणी नऊवर, कानानं कमी असलेली आजी पंधरावर. सगळे सातवर, म्हणजे मुक्या फोनचा नियम ठाऊक असलेल्या कुणीतरी ते केलं. आणि बाहेर तो नियम कुणालाच ठाऊक नाही."

"मग?"

"मग दोन रकाने आहेत. गायिकेनं आतली माहिती काढली असं लिहिलं, तर तिचं कुठलंच गाणं दोन वर्षं मोजायचं नाही. आतल्या माणसानं आपणहून हात घातला असं लिहिलं, तर हे एक गाणं जाईल. आणि तो माणूस जाईल. मी अजून काही लिहिलेलं नाही. साहेब चार वाजता येतात."

तिनं कागद दोघांच्या मध्ये ठेवला. पेन ठेवलं.

हात लावला नसता, तर लेक आज अडतिसावर असती. एवढंच काय ते त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. त्यानं कागद मांडीवर घेतला आणि दुसऱ्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, वार लिहिला, वेळ लिहिली. अक्षर नेहमीसारखंच, ओळीत.

"घरी सांगाल ना?" तपासनीस बाईनं विचारलं.

"उद्या रेडिओ सांगेल," तो म्हणाला.

शुक्रवारी तो कामावर गेला नाही. रजा आहे म्हणाला. बायकोला नवल वाटलं. मग तिनं मनातल्या मनात हसून त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला, लेक यादीत आली असणार. दुपारी कारखान्यात रेडिओ लावला. घोगरी कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. मापारी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

यादी चाळिसापासून उलटी वाचत. चाळिसावर दुसरंच गाणं लागलं. एकोणचाळिसावर आणखी कुणाचं.

"अरे वा, वर गेली पोरगी," इस्त्रीवाली म्हणाली.

अडतीस. एका अनोळखी पोराचा पातळ आवाज खोलीभर पसरला. मापाऱ्यानं तो शेवटपर्यंत ऐकला.

पस्तीस झाले, तीस झाले. आकडा खाली येत गेला तसा खोलीत उत्साह चढत गेला. "ताई, तिसाच्या आत गेली. आता ती आपल्याशी बोलेल का?" काजवाली म्हणाली. बायकोनं रेडिओ मोठा केला. सत्तावीस. पंचवीस. एकेक यंत्र थांबलं. बायका खुर्च्या ओढून रेडिओभोवती जमल्या. कुणी कुणाचा हात धरला होता. दर वेळी दुसऱ्याचं नाव आलं की त्यांना आनंदच होत होता.

घोगरी मात्र रेडिओकडं बघत नव्हती. ती बापाकडं बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ती उठली, गठ्ठे ओलांडून त्याच्यापाशी आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाबा, अजून वाट बघायची का?"

त्यानं तोंड उघडलं. रेडिओनं एकवीस म्हटलं, आणि मागं काजवाली टाळ्या वाजवायला लागली.