भेंडीच्या फुलाची चोरी

मे १९८६, सोमवार सकाळ. साकीनाक्याच्या एका छापखान्यात हजर: मी, तेव्हा फौजदार, मालवणकडचे माझे हवालदार, शेजारच्या गाळ्यातले दोन पंच, छापखान्याचे मालक. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पाठ्यपुस्तकाच्या चोरीचा तपास मात्र हा एकच.

फिर्यादी बोरीवलीचे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं पुस्तक कॉलेजांत चालत होतं. त्यांच्याच विभागातल्या तरुण सहकाऱ्याचं नवं पुस्तक जूनमध्ये येणार होतं आणि त्याचा एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा छापील ताव, फिर्यादींच्या हाती लागला होता.

"माझं पुस्तक उचललंय साहेब, आकृत्यांसकट. विद्यार्थी आत्तापासून त्याच्या मागे फिरतायत."

छापखान्याची खबरही त्यांनीच आणली. कॉपीराइटचा कायदा नुकताच कडक झाला होता. फौजदाराला वॉरंटशिवाय प्रती जप्त करता येत होत्या. छापलेले फर्मे आणि आकृत्यांचे ब्लॉक जप्त केले, पंचनामा केला. तुलनेसाठी फिर्यादींनी आपल्या पुस्तकातल्या शाईच्या मूळ आकृत्या आणून दिल्या. त्याही मुद्देमालात घेतल्या.

ठाण्यात दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली. माहिती तीच, वाक्यं वेगळी.

"भेंडीच्या फुलाला पाच पाकळ्या, हे तुम्ही शोधलंत का सर?"

"इतकी वर्षं शिकवतोय मी ते."

"शिकवता हो. पण पाकळ्या कोणाच्या मालकीच्या नसतात."

कायदा माहितीला कुंपण घालत नाही. ती ज्या शब्दांत, ज्या रेषांत मांडली, तेवढंच तो राखतो. शब्दांचा प्रश्न मिटला. आकृत्यांचा मिटेना, कारण दोन्हीकडची ठिपक्यांची छाया एकाच हाताची होती. हे फिर्यादींच्या लक्षात आलं नसेल, हे मला पटेना.

तरुण प्राध्यापकाला बोलावलं. "आकृत्या कोणी काढल्या?"

"नाव नाही सांगणार. त्यांच्या घरात वादळ होईल. मला आत टाकायचं तर टाका."

"पुस्तक बुडेल तुमचं."

"बुडू दे."

चोर इतक्या सहज बुडायला तयार होत नाही. मी हवालदारांना घेऊन पुन्हा छापखान्यात गेलो. जप्त मालात पुस्तकाचं पहिलं पान नव्हतं.

"ते शेवटी छापतात साहेब," मालक म्हणाले. "जुळवून ठेवलंय, बघा."

जुळवलेल्या शिशाच्या अक्षरखिळ्यांवर शाई फिरवून त्यांनी कागद दाबला. लेखकाच्या नावाखाली ओळ होती: 'आकृत्या', आणि पुढे एका बाईंचं नाव. आडनाव फिर्यादींचं.

बोरीवलीला त्यांच्या घरी गेलो. बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

"दोन्हीकडच्या मीच काढल्या. ह्यांच्या पुस्तकात नाव नाही. घरच्या माणसाचं नाव कशाला, म्हणाले."

"जुन्यांवरून काढल्या?"

"छे. झाड समोर ठेवल्याशिवाय मला काढता येत नाही. जुन्या चित्रात नुसतं फूल आहे. ह्या वेळी कोवळी भेंडी धरली होती, तीही काढली. बघा ना."

खरंच होतं. शिवाय पगार नाही, करार नाही. म्हणजे कायद्याने जुन्या आकृत्याही बाईंच्याच.

फिर्यादी दारात उभे होते. "माझ्या घरात बसून त्याच्यासाठी फुलं काढत होतीस?"

"तुमच्यासाठीही काढलीच ना."

"काय दिलं त्याने तुला?"

"नाव कसं छापू, ते विचारलं."

जिन्यात हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, ह्यो राग पुस्तकाचो नाय."

मी कोर्टाला 'सी' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद गैरसमजातून, तपास बंद. खोटी म्हटलं असतं तर त्या घरात आणखी भडका उडाला असता. जप्त फर्मे सुटले आणि पुस्तक जूनमध्येच आलं, पहिल्या पानावर बाईंच्या नावासह.

मत्सर कधी आपल्या नावाने ठाण्यात येत नाही. एखादं कलम पांघरून येतो. तेव्हापासून फिर्याद घेताना मी आधी विचारायचो: काय गेलं, आणि ते होतं कोणाचं?

मूळ आकृत्या बाईंना सहीनिशी परत द्याव्यात, असा कोर्टाचा हुकूम झाला. न्यायला आले फिर्यादी.

"मी नवरा आहे तिचा."

"ओळखतो सर. सही बाईंची लागेल."

बाई आल्या नाहीत. दोन समजपत्रं पाठवली; उत्तर नाही. मुलुंडला बदली झाली तेव्हा चार्ज देताना मी आकृत्यांच्या पाकिटावर मालक म्हणून त्यांचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली शेरा मारला: परत करणे बाकी.