शाळेत आलेली मिरगी

चौथीत मी वर्गातली सगळ्यात खोडकर पोरगी होते. ही कीर्ती मी मोठ्या मेहनतीनं कमावली होती.

मला मिरगी होती. मोठा झटका यायचा तो घरी. शाळेत यायचे ते लहान. पाढा म्हणता म्हणता डोळे थिजत, तोंड थांबे, आणि मी भानावर येईपर्यंत वर्ग भलतीकडेच गेलेला असे.

"काहून थांबली वो बाई?" मास्तर विचारत.

"मुद्दामच थांबली, मास्तर," मी शहाणी दात काढून सांगे. छडी बसे. मी हात चोळत ऐटीत खाली बसे. खोडकर म्हणवून घेण्यात मान होता, मिरगीवाली म्हणवून घेण्यात नव्हता. काय ते डोकं! पाढा मात्र त्या डोक्यात टिकत नव्हता. आज पाठ केलेला उद्या पुसलेला. त्यात यवतमाळच्या दवाखान्यातली गोळी. ती घेतली की दुपारभर नुसती पेंग.

माय अंगारा देणाऱ्या भगताकडे न्यायचं म्हणे. बौद्ध दीक्षा घेतल्यापासून माझ्या बाला ते नाव खपत नसे. "देव सोडले अन् आता भगत धरू काय?" तो म्हणे. गोळी चालू राहिली.

मग एक दिवस मोठा झटका शाळेतच आला. मी बसायच्या टाटपट्टीवर आडवी झाले. पुढचं मैत्रिणीनं सांगितलेलं. कोणीतरी ओरडलं, "चप्पल हुंगवा!" आमच्याकडे मिरगीवर हाच उपाय, कातड्याची चप्पल नाकाला लावायची. पण अख्खा वर्ग अनवाणी. चप्पल एकट्या मास्तरांच्या पायात. त्यांनी बिचाऱ्यांनी तीच काढून माझ्या नाकाशी धरली.

शुद्ध आली तेव्हा नाकात कातड्याचा वास, खाली ओला परकर, आणि समोर शेतातून धावत आलेला बा.

"ते चप्पल पायात घाला, मास्तर," तो सगळ्यांदेखत बोलला. "मिरगी हाय तिले. लहानपणापासून."

"मंग मधातच थांबते ते?"

"तेही तेच."

मास्तरांनी चप्पल पायात सरकवली. पोरं माझ्या परकराकडे पाहत होती. वर्षभर झाकलेलं बानं एका वाक्यात उघडं केलं. मला त्याचा असा राग आला की जणू मिरगी त्यानंच दिली असावी.

घरी मी सांगून टाकलं, "मी शाळेत नाही जात. कापूस वेचतो."

माय म्हणाली, "राहू द्या ना. नाही येत तिले ते पाढे."

"नाही येत म्हणूनच जाईन पोरगी," बा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला हात धरून शाळेच्या दारात सोडलं. माझ्या शेजारी कोणी बसेना. शिवलं तर मिरगी लागते म्हणे. मास्तरांनी मला धडा वाचायला उभं केलं. चार ओळी झाल्या, डोळे थिजले आणि मी गेले. परत आले तर वर्ग चिडीचूप.

"हं, घे पुढं," मास्तर हळूच म्हणाले.

ते माझ्यासाठी थांबले होते. सगळ्या वर्गाला थांबवून. धरणी दुभंगावी तर तीही दुभंगेना. मी बोटानं ओळ शोधली. पुन्हा गेले, पुन्हा आले, पुन्हा "घे पुढं." घंटा झाली तरी माझा धडा संपेपर्यंत मास्तरांनी कोणाला उठू दिलं नाही. पोरं माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहत होती. मी मान खाली घालून वाचत होते.