दोन्ही मुळं ऋण

बाळांनो, परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, समीकरण सोडवायचंच नाही, तर मुळांची बेरीज कशाला काढायची?" मला उत्तर ठाऊक आहे, कारण माझं लग्नच त्या धड्यामुळे झालं. विसरण्याआधी लिहून ठेवते.

पन्नासच्या दशकात मद्रासला आमच्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत एक गणिताचे मास्तर राहत. "मुळं उकरू नका. वरचे आकडे बघा, ते सगळं सांगतात," हे त्यांचं रोजचं वाक्य. वर्गसमीकरणात मधल्या आकड्याचं चिन्ह उलटलं की मुळांची बेरीज, शेवटचा आकडा म्हणजे गुणाकार. वांगीही ते न चिरता पारखत. निम्मी किडकी निघत. "चिन्ह चुकलं," एवढंच म्हणत.

माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. मद्रासेत समजूत अशी, की मुलाचं मूळ राज्य करतं आणि मुलीचं मूळ सासऱ्याला खातं. नक्षत्र एकच, भूक तेवढी वेगळी. बरीच स्थळं केसरी शिरा आणि कॉफी संपवून मगच घाबरली. मग एक आलं, ते मला हवं होतं. लग्नानंतरही बी.ए. पुरं करू देईन, असं मुलाने कळवलं होतं.

ती मंडळी आली तेव्हा मास्तर आमच्या ओट्यावर उदाहरण सोडवत होते. उघड्या अंगावर उपरणं, कपाळाला गंध, मांडीवर पाटी.

"हे आमचे वाद्यार," आई म्हणाली. इथे शिक्षकालाही वाद्यार म्हणतात आणि भटजीलाही. मुलाच्या आईने वाकून नमस्कार केला.

"मूळ आहे म्हणतात. कसं आहे?"

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं. "ऋण आहे."

माझ्या आईने शिऱ्याचं तबक घाईने पुढे केलं.

"अय्यो. आमच्या मुलाचंही मूळच."

"हो, दुसरंही ऋणच. बिघडलं काय? ऋणाला ऋणाने गुणलं की धन."

"नक्की धन?"

"याला अपवाद नाही मामी."

इतक्या खात्रीने बोलणारा भटजी त्या बाईंना कधी भेटला नसावा. मागून मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आणि माझं काय?"

"तुमचा या समीकरणात संबंधच नाही," मास्तर म्हणाले.

हायसं वाटून सासरे खाली बसले. लग्न ठरलं.

मास्तरांना घोटाळा कळला तो लग्नाच्या पंगतीत. हसले नाहीत. पायसमची वाटी दूर सारून म्हणाले, "पण गं, त्यांनी बेरीज विचारलीच नाही. ती ऋणच येते." मग जरा हळू म्हणाले, "ती तू सांभाळ."

काही वर्षांनी मास्तर गेले. ज्यांना मी खाणार होते ते माझे सासरे भर उन्हात छत्री धरून त्यांच्या अंत्ययात्रेत चालले. घरी येऊन म्हणाले, "तुमचा भटजी मोठा ज्ञानी." आम्ही कुणी दुरुस्ती केली नाही.

सासरे पुढे पुष्कळ जगले. माझ्या बी.ए.च्या पदवीची चौकट त्यांनीच भिंतीवर ठोकली, थोडी तिरकी. आता तेही नाहीत. तुमचे आजोबा आहेत, मी आहे, आणि बेरजेला सकाळच्या कॉफीवरून होणारं आमचं भांडण आहे.